नक्कल न घेतलेली यादी

कंप्युटरची जावा भाषा शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली, पण एक तास असा आहे की तो जवळ आला की मी पुन्हा पुन्हा वेळापत्रक बघते. फंक्शनला एखादी गोष्ट दिली तर तिची नक्कल जाते की मूळ गोष्टीचा पत्ता जातो, हा तो तास. व्हॅल्यू आणि रेफरन्स. परीक्षेत दोन मार्कांना येतो, मुलाखतीत हमखास विचारतात. मी तो तास घेते, नीट घेते, आणि घरी आल्यावर कुणाशी बोलत नाही. नवऱ्याला वाटतं, शिकवून शिकवून घसा बसला. घशाला काही झालेलं नसतं. ह्या दोन मार्कांच्या प्रश्नात मी एका गावाचं चार दिवसांचं पाणी तोडलं आणि त्याचा ठपका दुसऱ्या बाईवर बसू दिला, त्याची मला लाज वाटते. आजवर हे कागदावर उतरवलं नव्हतं, कारण लिहिलं की वाचावं लागतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी तिथं एका खाजगी क्लासमध्ये शिकवत होते. नांदेडला इंजिनिअरिंग केलेलं, माहेर मुखेडकडचं, जमीनजुमल्याचं घर, घराण्यातली पहिली शिकलेली पोरगी. त्यामुळे तोरा काही विचारू नका. वर्गात कुणी म्हणालं की जावात ऑब्जेक्ट रेफरन्सनं जातो, की मी खडू खाली ठेवायचे आणि त्याला उभं करायचे. "जावात सगळं व्हॅल्यूनंच जातं. ऑब्जेक्टच्या बाबतीत ती व्हॅल्यू म्हणजेच त्याचा पत्ता असतो. काय असतो?" सगळ्या वर्गाकडून वदवून घ्यायचे. मग उदाहरण द्यायचे. शेजारणीला वाटीत आमटी काढून दिली, तिनं त्यात मूठभर मीठ ओतलं, तरी तुमची आमटी तशीच राहते. पण तिला वाटी न देता तुमच्या चुलीवरचं पातेलं दाखवलं आणि मीठ तिच्या हातात असलं, तर घरातले सगळे उपाशी. पोरं हसायची. किनवटच्या आश्रमशाळेतून शिकून आलेली एक मुलगी तरीही चुकली, तेव्हा तिला मी भर वर्गात म्हटलं होतं, "एवढं कळत नसेल तर इकडं आलीस कशाला?" ती पुढच्या आठवड्यापासून मागच्या बाकावर बसायला लागली. मला त्याचंही काही वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये शहरातली वसतिगृहं आणि खानावळी पाण्यावाचून बंद पडायला लागल्या. मुलं ट्रंका उचलून गावाकडं गेली. चाळीसचा वर्ग सातावर आला आणि क्लासच्या मालकांनी पावसाळ्यापर्यंत सुट्टी जाहीर केली. त्याच सुमारास ओळखीतून मला एका तालुक्याच्या कचेरीत तात्पुरतं काम मिळालं. तालुक्याचं नाव लिहीत नाही. नांदेड आणि लातूरच्या शिवेवरचा आहे एवढं पुरे. काम होतं टँकरच्या फेऱ्यांचं. कुठल्या गावाला कुठला टँकर, दिवसाला किती खेपा, हे तोवर हातानं चालायचं आणि रोज भांडणं व्हायची. मी आठ दिवसांत प्रोग्रॅम लिहून दिला. त्यात गावांची एक यादी होती. सकाळी त्या यादीवरून ड्रायव्हरांच्या चिठ्ठ्या छापून निघायच्या आणि संध्याकाळी मशिन बंद करताना ती यादी जशी असेल तशी जतन व्हायची. सगळे म्हणाले, वा. मीही म्हणाले, वा.

कचेरीत यादी भरायला आणि चिठ्ठ्या वाटायला एक बाई होत्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, रोजंदारीवरच्या. मी त्यांना ताई म्हणायचे आणि त्या मला मॅडम. साहेब मला मॅडम म्हणायचे आणि त्यांना नुसतं 'ओ बाई'. जवळच्याच गावातल्या, विहाराच्या मागच्या गल्लीत घर. लग्नानंतर टायपिंग शिकल्या, मग कंप्युटरचं सर्टिफिकेट काढलं, मग कितीतरी खेटे घालून हे काम मिळवलं. त्यांचा मशिनवर विश्वास नव्हता. रोज सकाळी चिठ्ठ्या वाटायच्या आधी त्या एका लांब रजिस्टरमध्ये सगळ्या गावांची नावं स्वतःच्या हातानं लिहायच्या, गावापुढं टँकरचा नंबर, पुढं खेपा. मी एकदा म्हटलं, "ताई, हे सगळं आत आहे की, पुन्हा कशाला लिहिता?"

"आत हाय ते मला कुटं दिसतंय," त्या म्हणाल्या. "वहीतलं दिसतंय."

मला हसू आलं. मी ते लपवलंही नाही.

त्या दिवसांत आणखी एक वारं सुटलं होतं, नव्या जिल्ह्याचं. आपला तालुका फुटणार, अर्धा नव्या जिल्ह्यात जाणार, जिल्ह्याचं ठाणं कुठं होणार, ह्यावर चहाच्या टपरीवर हमरीतुमरी चालायची. पाण्याचा घोट नव्हता पण जिल्ह्याची हौस दांडगी. साहेबांनाही वरून कुणीतरी विचारलं असावं. एका गुरुवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. "मॅडम, समजा उद्या जिल्हा झाला, तर आपल्याकडं किती टँकर राहतील ते दाखवता येईल? उद्या बैठक आहे."

मी म्हटलं, "पाच मिनिटं, सर."

खरोखर पाचच मिनिटं लागली. तिकडं जाणाऱ्या भागातली तीन गावं त्या वेळी टँकरवर होती. मी एक छोटं फंक्शन लिहिलं. त्याला गावांची यादी द्यायची, ते त्यातून तिकडं जाणारी गावं काढून टाकणार आणि उरलेली दाखवणार. मी यादी दिली. यादीची नक्कल करून ती द्यायला हवी होती. मी दिली ती मूळ यादी, म्हणजे तिचा पत्ता. फंक्शननं त्या पत्त्यावर जाऊन तीन गावं काढून टाकली. साहेबांना कागद छापून मिळाला. संध्याकाळी मशिन बंद झालं, तेव्हा प्रोग्रॅमनं उरलेली यादी इमानदारीनं जतन केली. ज्या चुकीसाठी मी पोरांना वर्गात उभं करत होते, ती मी केली आणि चहा प्यायला गेले.

शुक्रवारी सकाळी ताई माझ्या टेबलापाशी आल्या. "मॅडम, तीन गावाच्या चिठ्ठ्या निघाल्या न्हाईत."

मी लातूरला जायच्या घाईत होते. घरमालकीण खोली सोडायला सांगत होती, सामान हलवायचं होतं. मला वाटलं त्या कालच्या कागदाबद्दल बोलतायत. मी वर न बघता म्हणाले, "ते नवीन जिल्ह्याचं आहे. तुम्ही त्यात हात घालू नका."

"पण मॅडम, ती गावं..."

"ताई, सांगितलं ना. ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये."

हे वाक्य मी शब्द न् शब्द असंच बोलले. पुढं कितीतरी वेळा ते बदलून, मऊ करून आठवायचा प्रयत्न केला, पण होत नाही. मी नसताना यादीला कुणी धक्का लावू नये म्हणून निघताना मी तिला पासवर्डही घातला, चिठ्ठ्या तेवढ्या छापता यायच्या. तो घेऊन मी दुपारच्या गाडीनं लातूरला निघून गेले.

माझ्यामागं काय झालं ते नंतर कळलं. तीनपैकी दोन गावांचे ड्रायव्हर जुने होते. ताईंनी त्यांना तोंडी सांगितलं आणि ते चिठ्ठीविना गेले, रोजचा रस्ता होता. तिसऱ्या गावाच्या टँकरवरचा ड्रायव्हर नेमका त्याच दिवशी बदलला होता. नवा ड्रायव्हर बाहेरचा, चिठ्ठीवर गावाचं नाव नसलं तर चाक हलवायचं नाही असा हुकूम घेऊन आलेला. ताईंनी त्याला वही दाखवली. तो म्हणाला, "बाई, वही नको. छापलेली दाखवा."

शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारी मी परत आले आणि चपला काढून टेबलाशी बसते न बसते तोच त्या गावच्या दोन बाया आत आल्या. टँकरची खेप आली की गावातल्या दोन बायांनी सह्या करायच्या, अशी पद्धत होती. ते खेपांचं पुस्तक त्यांच्याचकडं असायचं. त्यातली थोरली बाई पुढं झाली आणि तिनं ते पुस्तक साहेबांच्या टेबलावर उघडं आपटलं. चार रकाने कोरे होते.

"आमचं गाव मेलं का सायेब?" ती म्हणाली. "चार दिस झाले. नदीत झरा उकरून पाणी पिऊन राहिलो. माझी सासू आडात उतरली, पाय घसरला, मनगट मोडलं. म्हातारीला आता दवाखान्यात कोण न्यावं?"

साहेबांनी मला यादी उघडायला सांगितली. मी उघडली. गाव नव्हतं. त्याच्या खालचंही नव्हतं, वरचंही एक नव्हतं. तीन गावं, आणि कुठली तीन हे बघताक्षणी मला गुरुवारचं फंक्शन आठवलं. मला ओळन् ओळ दिसली. कुठं काय लिहायला हवं होतं ते दिसलं. हे कळायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही, म्हणजे मला त्या वेळी काही समजलं नव्हतं अशी सबब मला घेता येत नाही.

साहेबांनी विचारलं, "यादी कोण भरतं?"

"मी भरते सायेब," ताई म्हणाल्या.

"मग नावं कुणी काढली?"

"मी न्हाई काढली." त्यांनी रजिस्टर पुढं केलं. "हे बघा, बेस्तरवारी तिन्ही हायती. माझ्याकडं लिहिलेलं हाय."

"वहीत असून काय करायचं? मशिनमध्ये नाही ना." मग साहेब माझ्याकडं वळले. "मॅडम, प्रोग्रॅममधून आपोआप नाव जाऊ शकतं का?"

ताई माझ्याकडं बघत होत्या. त्या दोन बायाही बघत होत्या. मी स्क्रीनकडं बघत म्हणाले, "आपोआप काही जात नाही, सर. कंप्युटर स्वतःहून काही करत नाही."

पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गाला मी हेच सांगते. त्यात एक अक्षर खोटं नाही. मी आयुष्यात इतकं खोटं कधी बोललेली नाही.

साहेब ताईंना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." आणि मग माझ्याकडं वळून, जरा आवाज उतरवून, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "ह्यांना काम दिलं की हे असं होतं." 'ह्यांना' म्हणजे कुणाला ते मला कळलं. साहेबांना माझं आडनाव माहीत होतं, ताईंचंही माहीत होतं. चूक कुणाच्या माथी बसणार हे त्या खोलीत आधीच ठरलेलं होतं, आणि मी फक्त मान हलवली. नको म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. साहेबांनी ती होकारार्थी घेतली.

थोरल्या बाईनं दारात ताईंना गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलली. "तुझ्या घरी आडाला पाणी हाय गं, म्हणून दुसऱ्याचं गाव पुसतीस?" ताईंनी डब्याची पिशवी घेतली आणि त्या गेल्या. रजिस्टर टेबलावरच राहिलं.

ते रजिस्टर मी उघडलं, कारण दुसरा इलाजच नव्हता. काढून टाकलेल्या गावांचे टँकर नंबर आणि खेपा माझ्या मशिनमध्ये कुठंच उरल्या नव्हत्या. ताईंच्या वळणदार अक्षरात त्या गुरुवारच्या पानावर सगळं होतं. त्यावरून मी तिन्ही गावं परत भरली आणि मग फंक्शनमध्ये एक ओळ वाढवली, यादीची नक्कल करून घेणारी. दहा मिनिटांत चिठ्ठी छापून निघाली. नवा ड्रायव्हर चिठ्ठी वाचून गेला. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम होत्या म्हणून निभावलं." आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले. गार झाला होता, तरी प्यायले, कारण कप ठेवून दिला असता तर साहेबांनी का म्हणून विचारलं असतं.

पाऊस जुलैत आला. काम संपलं, मी लातूरला परत गेले. तो नवा जिल्हा अजून झालेला नाही.

दीड वर्ष मी स्वतःला समजावत राहिले. रोजंदारीचं काम, तसंही उन्हाळ्यापुरतंच होतं. त्यांना दुसरं मिळालं असेल. साहेबांचीच चूक, त्यांनी नीट चौकशी करायला हवी होती. मग एका बॅचला तो तास घेताना एका मुलानं चुकीचं उत्तर दिलं. मी सवयीनं खडू खाली ठेवला. वर्ग वाट बघत राहिला. मी त्याला बसायला सांगितलं आणि त्या आठवड्यात सुट्टी काढून एसटीनं ताईंच्या गावी गेले.

ताई दारात गवार निवडत होत्या. त्यांनी मला बाज टाकून दिली, पाणी दिलं. दुसरं काम मिळालेलं नव्हतं. ओळीनं सगळं सांगून टाकायचं असं मी गाडीत घोकून आले होते. मी सुरू केलं, "ताई, ती तीन नावं तुम्ही काढली नव्हती. माझ्या प्रोग्रॅममधली..."

"मला माहीत हाय की," त्या म्हणाल्या.

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"नव्या जिल्ह्याच्या कागदात तीच तीन गावं न्हवती. मी सुक्रवारी तुमाला सांगाया आले हुते. तुमी बोलल्याव म्हणून परत न्हाई बोलले. सोमवारी तुमच्याकडं बघितलं. म्हटलं, आता मॅडम बोलत्याल." त्यांनी गवारीची शीर काढली. "लई वेळ बघितलं."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. समजूत काढली नाही, आणि ते बरंच केलं. मग मी म्हणाले, "तुम्ही का नाही सांगितलं साहेबांना? शुक्रवारीच सांगितलं होतं म्हणून?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की प्रश्न विचारल्याचीच मला लाज वाटली.

"काम गेलं त्याचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पर त्या गावच्या बाया बाजारात माझ्याशी बोलत न्हाईत. मी जिथं बसते तिथनं उठून जात्यात. पाणी तोडलेली बाई म्हणत्यात मला. माझ्या लेकीला बी म्हणत्यात." मग त्यांनी सूप उचलून आत ठेवलं आणि पदर खोचला. "मला सांगून काय हुतंय मॅडम? मला तर ठावंच हुतं. आज बाजार हाय. चला."

मला परतीची गाडी होती. ते मी बोलूनही दाखवलं, अर्धं. ताई चालायला लागल्या होत्या. मी मागोमाग गेले.

आठवडी बाजार वडाच्या खाली भरला होता. थोरली बाई भाजी विकायला बसली होती, समोर पोतं अंथरून, त्यावर मेथीच्या जुड्या आणि टमाटे. शेजारी तिची सासू. तिचं मनगट वाकडंच जुळलेलं होतं. ताईंना बघून थोरलीनं तोंड फिरवलं. मी पुढं झाले आणि ओळख सांगितली. तिनं ओळखलं. कचेरीतली मॅडम म्हणाली, आणि माझ्यासाठी पोत्याचा कोपरा झटकायला लागली.

मी म्हटलं, "मावशी, थांबा. त्या वेळी तुमचं गाव यादीतून गेलं ते ह्यांच्यामुळं नाही, माझ्यामुळं. म्हणजे झालं असं की यादीची नक्कल करून द्यायची असते, ती न करता मी मूळ यादीच..."

शिकवायला लागले होते मी. भर बाजारात, तिथंसुद्धा.

"यादीचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिचा झटकणारा हात थांबला होता. "एवढंच सांगा. आमी टेबलाम्होरं उभ्या हुतो, सायेब हिला बोलत हुते, तवा तुमाला ठावं हुतं का?"

सासू माझ्याकडं बघत होती. ताई दुसरीकडं.

"हो," मी म्हटलं.

मी शिव्यांची वाट बघत होते, त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं टमाट्याची पाटी उचलून पलीकडं सरकवली, पोत्यावर जागा केली आणि ताईंच्या हाताला धरून त्यांना खाली ओढलं.

"बस," ती म्हणाली. ताई बसल्या. मला कुणी बस म्हणालं नाही.